गोदाबाई नावाचं पॅकेज

तिवशाच्या आकांक्षानं दोन वर्षं खपून वऱ्हाडी शब्द ओळखणारा एक प्रोग्रॅम लिहिला. शब्द सगळे आईचे. आई शेतात निंदताना, घरी भाकरी थापताना बोलायची आणि आकांक्षा मोबाइलवर टिपून घ्यायची. चार हजार शब्द जमले तेव्हा तिनं तो प्रोग्रॅम इंटरनेटवरच्या यादीत सगळ्यांना फुकट वापरायला ठेवला. अशा प्रोग्रॅमला पॅकेज म्हणतात, आणि एक नाव यादीत एकालाच मिळतं. तिनं आईचं दिलं: गोदाबाई.

अकोल्याचा सौमित्र अशा मराठी पॅकेजांचा मोठा प्रकल्प चालवायचा. वकिलाचा मुलगा, बोलायला गोड. त्यानं तिला बैठकीला बोलावलं आणि वीस जणांसमोर पडद्यावर तिचं पॅकेज लावलं.

"आपल्याकडे नावांचे नियम आहेत," तो म्हणाला. "नावावरून काम कळलं पाहिजे. गोदाबाई म्हटल्यावर काय कळतं? भांडी घासायला कोणी आलंय, एवढंच."

लोक हसले.

"तुमचं पॅकेज सौमित्र-लिपी आहे," आकांक्षा म्हणाली. "ते कावून चालते?"

"ते नियमाच्या आधीचं आहे."

परतीच्या बसमध्ये, मूर्तिजापूर यायच्या आत, तिनं रागाच्या भरात पॅकेज यादीतून काढून टाकलं. सूचना आली होती की हे नाव आता मोकळं होईल, कोणीही घेऊ शकेल. हे नाव कोण घेणार, असं तिला वाटलं.

ती बडनेऱ्याला पोचेपर्यंत सौमित्रनं ते घेतलं होतं. आत प्रोग्रॅम नव्हताच, मराठीत फक्त एक ओळ होती: 'गोदाबाई टाकाऊ आहे. त्याऐवजी वऱ्हाडी-शब्द वापरा.' वऱ्हाडी-शब्द म्हणजे तिचाच प्रोग्रॅम, जसाच्या तसा उचललेला.

तिनं फोन केला. "ते माया मायचं नाव हाये."

"मग सोडायचं नव्हतंस. प्रोग्रॅम कोणीही घ्यावा, हेही तूच लिहून दिलंयस. मी एकही नियम मोडलेला नाही. खाली बारीक अक्षरांत तुझं नावसुद्धा ठेवलंय."

यादी चालवणाऱ्यांना तिनं लिहिलं. अकरा दिवसांनी उत्तर आलं, नाव रीतसर घेतलेलं आहे.

इकडे आईनं साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं की आपलं नाव इंटरनेटवर आहे. शेजारच्या जयवंतानं हौसेनं फोनवर शोधून दिलं. आई सातवी शिकलेली. तिनं ती ओळ स्वतः वाचली.

रविवारी आकांक्षा घरी आली. आईनं जेवू घातलं. जेवण झाल्यावर आकांक्षानं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मधे ठेवला. नवीन नावानं पुन्हा सगळं उभं करायचं तिनं ठरवलं होतं.

"माय, राहिलेले शब्द सांग ना."

आईनं पदराला हात पुसले आणि ती ताठ बसली.

"मला आता काही आठवत नाही," ती शाळेतल्या बाईंसारख्या पुस्तकी मराठीत म्हणाली. "तू ते बंद कर."

आकांक्षानं बंद केलं. पण त्यानंतर लेकीच्या हातात फोन दिसला की आई तसंच बोलायची, आणि पुढे पुढे फोन नसतानाही.