वाडीच्या गोदामातला अंतर्ज्ञानी

वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात मी पार्सल टाकायला गेलो, तेव्हा हमाल माल तसाच सोडून कॉम्प्युटरभोवती जमले होते. मॉनिटरला लिंबू-मिरची टांगलेली. मॅनेजर भैयाजींनी ती उभ्या ट्रकची सोडून आणली होती.

"हा मेल धाडणारा साधा माणूस नाही, सर," ते हळूच म्हणाले. "याले सारं दिसते."

बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहिणाऱ्या सुभद्राबाईंना मेल आला होता. वर त्यांचा पासवर्ड, अक्षर न् अक्षर खरा. खाली मजकूर: 'तुमच्या कॅमेऱ्यातून मी तुम्हाला नको त्या अवस्थेत पाहिले आहे. पाचच्या आत पैसे पाठवा. नाहीतर व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांना जाईल.'

"पासवर्ड तं मी पोरीलेही नाही सांगितला," सुभद्राबाई म्हणाल्या. "पायलच्या नर्सिंगची फी आहे खात्यात. तेच पाठवून राहिली. लोकायले तोंड कसं दाखवू?"

पावणेपाच वाजले होते.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. नारळातून आग काढणाऱ्या बाबांची फजिती करत गावोगाव हिंडलेला. पण परवा असाच मेल माझ्या फोनवर आला होता. दोन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं, बायकोलाही सांगितलं नव्हतं.

नजर चुकवायला मी तो जुनाट मॉनिटर न्याहाळू लागलो. वर, बाजूला, मागे.

"सुभद्राबाई, याला कॅमेरा कुठे आहे?"

"याले? नाहीच."

"आणि फोनला?"

"माहा फोन तं बटनाचा."

"मग त्याने पाहिलं कशातून?"

मी माझा फोन टेबलावर ठेवला. कान तापले होते. "वाचा. मलाही आलाय."

भैयाजींनी दोन्ही मेल ताडून पाहिले. मजकूर तोच, फक्त पासवर्ड वेगळा.

"हा पासवर्ड आणखी कुठे वापरता?" मी विचारलं.

"साड्या मागवते तिथं. सगळीकडे तोच," सुभद्राबाई म्हणाल्या.

"अशाच एखाद्या ठिकाणची पासवर्डची यादी चोरीला गेली असणार. चोराने त्यावरून हजारोंना एकच पत्र धाडलं. त्याला काही दिसत नाही. तो फक्त घाबरवतो."

मागून ड्रायव्हर ताराचंद पुटपुटला, "मले बी आलता. मी पैसे देल्ले. आठ दिवसांनी पुन्हा मांगले."

"मंग काहून नाही सांगितलं गा?" सुभद्राबाई रडत ओरडल्या. त्याने मान खाली घातली. मीही.

असा मेल आला तर पैसे पाठवू नका. पासवर्ड बदला, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. पण सगळ्यात आधी तो शेजारच्याला दाखवा. कदाचित तोही तसलाच मेल खिशात घेऊन गप्प बसला असेल.