अर्धा अर्धा इंच

माझ्या बहिणीपेक्षा मी चार वर्षांनी लहान आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत हे वाक्य मला इतक्या वेळा सांगावं लागलंय, की आता ते दुकानाच्या पाटीवरच रंगवून घ्यावं असं वाटतं. ‘कपडे शिवून व दुरुस्त करून मिळतील. मालकीण धाकटी आहे.’

ताई अठ्ठावन्नची, मी चोपन्नची. मी साखर सोडली, लोणी सोडलं, संध्याकाळचं जेवण सातच्या आत आणलं. रोज सकाळी चाळीस मिनिटं तरातरा चालते, येऊन वजनकाट्यावर उभी राहते आणि काटा बघून दिवसभर त्याच्याशी अबोला धरते. झोपताना मानेला क्रीम चोळते, तेही खालून वर, कारण वरून खाली चोळलं तर म्हणे कातडी आणखी लोंबते. एवढं करून मानेवरच्या वळ्या जिथल्या तिथे. आणि ताई? ती अंगाच्या साबणाने तोंड धुते आणि टॉवेलने खसाखसा पुसते. गेल्या वर्षापासून तर तिच्या गालांवर लाली चढली होती, डोळे टपोरे आणि पाणीदार दिसायला लागले होते. माझ्याकडे आली की दोन ताटांचं एका ताटात जेवायची, वर केकचा तुकडा मागायची, आणि अंगाला काही लागायचं नाही. आमचे हे तिच्याकडे कौतुकाने बघत म्हणायचे, “ताईंची तब्येत बघ. मनाने आनंदी असलं की असं होतं.” म्हणजे मी मनाने काय होते ते मी समजून घ्यायचं.

आमची आई कपडे शिवायची. तिच्याच मशीनवर मी शिकले, आणि दुकानही तिचंच. आईचा वजनकाट्यावर विश्वास नव्हता. काटा माणसाला घाबरवतो, टेप समजावून सांगते, असं तिचं म्हणणं. आम्हा दोघींच्या वाढदिवसाला ती छाती, कंबर आणि नितंबाचं माप घेऊन वहीत लिहायची. तिच्यामागे ती वही मी चालू ठेवली. मी चोरून वजनकाटा घेतला ती गोष्ट वेगळी, पण ताई आयुष्यात कधी काट्यावर चढली नाही. कपडे नीट बसताहेत ना, मग झालं, एवढाच तिचा हिशोब. आणि तिचे कपडे मी शिवत असल्यामुळे ते नीट बसायचेच.

ताई शाळेच्या ऑफिसात आहे. मेव्हणे गेल्यापासून एकटीच राहते, माझ्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. ऑफिसचे तिचे चार स्कर्ट: दोन करडे, एक निळा, एक तपकिरी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती ते चारही दुकानात आणून टाकते. मी घडीची शिवण बघते, हूक घट्ट करते, इस्त्री करते, आणि संध्याकाळी ती ते घेऊन जाते. घरात ती ढगळ गाऊनमध्ये वावरते. त्यामुळे तिच्या अंगाची खबर तिला जी काय मिळायची ती त्या चार स्कर्टांकडून, म्हणजे माझ्याकडून.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर मी नुसतीच कुरकुरत बसेन. गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही दोघी क्रीम घ्यायला मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवरची मुलगी विशीतली, तिची कातडी बघूनच मला राग आला होता. तिने माझ्या गालाला एक बोट लावलं, मग ताईकडे वळून मऊ आवाजात म्हणाली, “तुमच्या थोरल्या बहिणीला ही बरणी द्या. पंचावन्नच्या पुढच्यांसाठी आहे. तुम्हाला ही साधी चालेल.”

मी ताईकडे बघितलं. ती आता सांगेल, की अगं, थोरली मी. ती हसली. नुसती हसली, आणि ती साधी बरणी उचलून पैसे द्यायला गेली. वाटेत माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि ती शेजारून गुणगुणत चालली होती.

दुपारी तिचे चार स्कर्ट माझ्या टेबलावर होते. मी करडा उचलला, उलटा केला, बाजूची शिवण उसवली आणि कंबर अर्ध्या इंचाने कमी होईल अशी आत नवी टीप मारली. मग निळा. मग बाकीचे दोन. आतलं कापड कापलं नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. मला फक्त एवढंच हवं होतं, की सोमवारी सकाळी हूक लावताना तिला श्वास ओढून धरावा लागावा. आरशापुढे उभं राहून तिने एकदा तरी म्हणावं, अगं बाई, मी सुटले की काय. मला ते रोज म्हणावं लागतं.

ती काही म्हणाली नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मीच सहज विचारल्यासारखं विचारलं, “बसतात ना नीट?”

“अगदी बेतशीर,” ती म्हणाली. “तुझ्या हाताला तोड नाही.”

म्हणजे तिची कंबर अर्धा इंच उतरली होती. काही न करता. केक खाऊन. माझा काटा त्या महिन्यात एक किलो वर गेला होता, सात वाजता जेवून. मी पुन्हा अर्धा इंच आत घेतला.

असे आठ रविवार गेले. मी टीप आत घ्यायची आणि ती त्या टिपेत आरामात मावायची. माझ्यापुरती ती शर्यतच झाली होती आणि तिला बिचारीला आपण पळतोय याचा पत्ताही नव्हता. तिच्या वाढदिवसाला मी माप घ्यायचं टाळलं, कामं फार आहेत म्हटलं, कारण टेप लावली असती तर आकडा दोघींनाही दिसला असता. ती म्हणायची, “काय नशीब बघ, एवढं हादडते तरी माप तेच.” मी दोरा तोंडात धरून हुं हुं करायची. तिला उकडायचं, भर थंडीत माझ्या दुकानाची खिडकी उघडायची. मी म्हणायची, या वयातही हिच्या अंगात काय गरमी आहे. एकदा बटण लावायला म्हणून तिने सुई घेतली आणि तिला दोरा ओवता येईना, हात लटपटत होता. मला बरं वाटलं. चला, एक तरी गोष्ट हिला जमत नाही.

हे मी लिहितेय, म्हणजे मला कळतं की ते कसं दिसतं.

नवव्या महिन्यात ताई शाळेच्या जिन्यात बसली ती उठेचना. छाती धडधडतेय, पायात जीव नाही. शाळेतून फोन आला, मी दुकान तसंच टाकून गेले आणि तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. नाडी मोजली, पुन्हा मोजली. ताईला काट्यावर उभं केलं. आयुष्यात पहिल्यांदा ती काट्यावर चढली आणि आकड्याकडे न बघता खाली उतरली.

“आधी किती होतं वजन?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“कधी केलंच नाही.”

“मग कमी झालंय असं वाटतं का? कपडे सैल व्हायला लागलेत?”

“छे,” ताई हसून म्हणाली. “ही माझी बहीण शिवते माझे कपडे. वर्षभर तेच स्कर्ट घालतेय, आजही बघा, एक बोट जाईल एवढीच जागा. माप काडीने बदललेलं नाही.”

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही शिवता म्हणजे तुम्हाला नक्की माहीत असणार. माप तेच आहे?”

त्या खोलीत माझ्या धंद्याला इतका मान याआधी कुणी दिला नव्हता. ताई माझ्याकडे बघत होती, त्या टपोऱ्या डोळ्यांनी, ज्यांचा मी वर्षभर हेवा केला होता. खरं सांगितलं असतं तर ते तिच्यासमोरच सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, “हो. तेच आहे.”

त्यांनी मान हलवली. एकटं राहणं, कामाचा ताण, वय, असं काय काय बोलल्या. शांत झोप लागायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि महिन्याने यायला सांगितलं.

बाहेर बाकावर बसलो. गोळ्या घ्यायला रांग होती. ताईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “घाबरू नकोस गं, काही नाही निघालं.” तो हात थरथरत होता आणि त्याची थरथर माझ्या गुडघ्यात उतरत होती. मनगट केवढंसं झालं होतं. त्या मनगटाचं मी कधी माप घेतलं नव्हतं, आणि आत टीप मारायलाही तिथे काही नव्हतं. मला तेव्हा एकदम भीती वाटली. हिला काही झालं तर ते माझ्या हातून झालेलं असेल, आणि सगळे म्हणतील की धाकटीने किती केलं.

मी उठले आणि न विचारता दार ढकललं. आत दुसरा पेशंट शर्टाची बटणं काढत होता. मी त्याच्यासमोरच म्हणाले, “मी खोटं बोलले. तिची कंबर आठ महिन्यांत चार इंच उतरलीय. कपडे सैल वाटले नाहीत, कारण दर महिन्याला मी ते आत घेत होते. तिला न सांगता.”

“का?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“ती जाड झालीय असं तिला वाटावं म्हणून.”

त्यांनी त्या पेशंटला बाहेर थांबायला सांगितलं. मग ताईला परत आत बोलवून घेतलं. मी दारात उभी होते, त्या सगळं पुन्हा बोलल्या, साध्या शब्दांत, मी काय केलं तेही न वगळता. मग मला म्हणाल्या, “टेप आहे तुमच्याकडे?” माझ्या पर्समध्ये टेप असतेच. मी ताईच्या कमरेभोवती टेप धरली. कापडाखाली बरगडी हाताला लागली. वहीत चौतीस लिहिलेलं मला पाठ होतं. आता तीस भरले. मी आकडा मोठ्याने सांगितला.

रक्त तपासलं, संध्याकाळी रिपोर्ट आला. थायरॉईड वाढलेला होता, भलताच. गालावरची लाली, डोळ्यांचा टपोरेपणा, ती भूक, ती गरमी, सगळं त्याचंच. आणखी काही महिने असंच गेलं असतं तर हृदयावर बेतलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे त्यांनी ताईला सांगितलं, पण बघत माझ्याकडे होत्या.

मी ताईला रिक्षाने घेऊन निघाले. तिच्या घरी गेल्यावर मी चहा केला, तो तिने घेतला. मग म्हणाली, “कशावरून केलंस गं हे?”

मी सांगितलं. क्रीमचं दुकान, ती मुलगी, तिचं ते हसणं. सांगताना ते इतकं क्षुल्लक वाटत होतं की मध्येच थांबावंसं वाटलं.

“तू जन्मलीस तेव्हा मी चार वर्षांची होते,” ताई म्हणाली. “त्या दिवसापासून मी थोरली. तू पडलीस तरी बोलणी मला, तुझा अभ्यास राहिला तरी मला. आईच्या आजारपणात मी, दुकान तुला. मला कुणी कधी धाकटी म्हटलं नव्हतं. एक दिवस कुणी म्हटलं, तर पाच मिनिटं राहू दिलं मी ते. एवढं झोंबलं तुला?”

तिलाही माझा हेवा वाटत आला होता, चोपन्न वर्षं, आणि तिने माझ्या एकाही शिवणीला हात लावला नव्हता.

गोळ्या लागू पडल्या. पाच-सहा महिन्यांत ताई भरली. गालांची लाली गेली, मानेला वळ्या आल्या, डोळे पहिल्यासारखे झाले. आता ती अठ्ठावन्नची दिसते, जरा जास्तीच. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. ती आजही माझ्याकडे जेवते, यांच्याशी गप्पा मारते, माझी मान बघून क्रीम बदल म्हणते. बोलणं तुटलं नाही.

फक्त पहिला रविवार आला की मी टेबल रिकामं करून ठेवायची आणि ती हात हलवत यायची. स्कर्टांचं विचारायची माझी हिंमत नव्हती. मग एका रविवारी ती नव्या हिरव्या स्कर्टात आली. ती दारात असतानाच मी बघितलं: कमरेला सुरकुती पडत होती, मागची शिवण एका बाजूला ओढत होती.

“कुणी शिवला?”

“कोपऱ्यावरच्या शिंप्याने.”

“मागून ओढतोय.”

“ओढतो थोडा,” ती म्हणाली आणि खुर्चीत बसली. “पण तो दर वेळी टेप लावतो, आणि आकडा मला दाखवतो.”

तो शिंपी मी ओळखते. त्याला साधी कमरपट्टी धड जमत नाही. मी त्याच्यावर जेवढी जळले तेवढी आयुष्यात कुणावर जळले नसेन. मग मी खिडकी उघडली, कारण या वेळी मला उकडत होतं, आणि ताईला विचारलं की केक खाणार का.

“अर्धाच दे,” ती म्हणाली.