हॅलोकाकांचा कॉम्प्युटर

ऑक्सिजनचे सिलिंडर घरपोच देणाऱ्या त्या ऑफिसात नेटवर्क सांभाळायला एकटी ताईच होती. शेजारच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरांत कुणीतरी ब्लूटूथवाटे शिरलं, तसं साहेबांनी तिला बोलावलं.

"आपली सगळी मशीन वायरवर चालतात ना? मग वायफाय, ब्लूटूथ उघडं कशाला? लागत नसेल तिथलं बंद कर. ज्याला लागतं त्याने मला कारण सांगावं."

जेवताना तिने सगळ्यांना विचारलं. कुणी हूं की चूं केलं नाही. हॅलोकाकाही खाली मान घालून जेवत राहिले.

हॅलोकाका फोनवर ऑर्डर घ्यायचे. आजाऱ्यांच्या घरची माणसं घाबरीघुबरी होऊन बोलायची, तेव्हा म्हणायचे, "सिलिंडर येईपर्यंत तुम्ही तरी श्वास घ्या!" पलीकडचा माणूस तेवढ्यातही हसायचा. त्यांच्या पांढऱ्या झुलपांआड दोन श्रवणयंत्रं होती आणि कॉम्प्युटरवर येणाऱ्या फोनचा आवाज ब्लूटूथने थेट त्यांत जायचा. हे फक्त ताईला कळलं, तेही त्यांचं मशीन तपासताना.

"काका, तुमचं चालू ठेवते. साहेबांना तेवढं सांगावं लागेल."

काकांचा चेहरा पडला. "बहिऱ्याला फोनवर कोण बसवतं, पोरी? बंद कर. हेडफोनवर भागवीन मी."

"आणि नाही भागलं तर?"

"आता काय तुझ्या पाया पडू?"

एवढ्या मोठ्या माणसाने असं म्हटल्यावर तिने कुणाला न सांगण्याचा शब्द दिला. तिने सगळ्यांबरोबर त्यांचंही बंद केलं.

श्रवणयंत्रावर हेडफोन चढवला की कानात शिट्टी वाजायची. मग काका यंत्रं काढून ठेवायचे, आवाज वाढवायचे आणि "परत सांगता?" म्हणत राहायचे. "काका, लक्ष कुठंय? प्रेमात पडलात की काय?" पोरं चिडवायची. काकाही हसायचे. ताई साहेबांच्या दारापर्यंत जायची आणि शब्द दिलाय म्हणून माघारी फिरायची.

एका दुपारी एका आजोबांनी बायकोसाठी फोन केला. काकांना सातचं साठ ऐकू आलं आणि सिलिंडर घर नंबर साठला गेला. चूक कळून तो परत फिरेपर्यंत आजींना दवाखान्यात हलवलं होतं. तिथेच त्या गेल्या. वेळेवर आला असता तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. काकांना ते पटलं नाही. ताईलाही नाही.

काकांनी साहेबांपुढे सगळं सांगितलं, ताईचं नाव न घेता. तिने मागोमाग आत जाऊन स्वतःचं सांगितलं. साहेब काकांकडे वळले.

"एक मशीन चालू ठेवायला माझं काय जात होतं हो, काका? बोलायचं होतंत."

ताईने लगेच काकांच्या मशीनचं ब्लूटूथ चालू केलं. काकांनी फोन घेतला, पत्ता ऐकला, आणि फोन शेजारच्याकडे वळवला. "ऐकू येतंय स्वच्छ. पण माझा मलाच भरवसा वाटत नाही."

दोन दिवसांनी संध्याकाळी ते आजोबांकडे निघाले, तेव्हा ताईही सोबत गेली. आजोबांनी आवाजावरून ओळखलं. "फोनवरचे तुम्हीच ना? फार धीर दिलात त्या दिवशी."

काकांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सात आणि साठचं सांगितलं. "मला ऐकू येत नव्हतं, आणि मी ते लपवलं."

आजोबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दार हळूच लोटून घेतलं. काका जिन्यातच खाली बसले, आणि ताई त्यांच्या शेजारी.