नवापूरची रॉकाबिली

भारतात रॉकाबिली, म्हणजे गिटारवरचं उडतं अमेरिकन गाणं, आणली ती बोईसरजवळच्या नवापूरच्या हरेश्वर तांडेलानं, हे छातीठोकपणे सांगता येतं. भारताला मात्र हे कोणी कळवलं नाही.

अणुकेंद्र बांधायला आलेल्या अमेरिकन साहेबाच्या बंगल्यावर पापलेट पोचवता पोचवता त्यानं ती गाणी उचलली आणि पुढं वीस वर्षं किनाऱ्यावरच्या हळदी गाजवल्या. गिटार छातीशी धरून तो अशी उडी घ्यायचा, की म्हाताऱ्याही पदर खोचून नाचायला उठायच्या.

१९८९ साली बोईसरच्या एका दुकानदारानं त्याची कॅसेट काढली. नाव गावाबाहेर जायची ही एकच संधी. हरेश्वर डोळे मिटून, मांडवात उभा असल्यासारखा जीव ओतून गायला. रेकॉर्डिंगवाला यंत्र बंद करायचं विसरून ऐकत राहिला.

कॅसेटी विकायला आल्यावर बायकोनं, जमनानं, ऐकली.

"आवाज फक्कड लागलाय. पन अवो, यात रघुवीर आन् चंद्रकांतेचं नाव कशाला?"

"हळदीच्या गान्यात नवरा-नवरीचं नाव घालावंच लागतं. आदल्या दिवशी त्यांचीच हळद होती, तोंडात बसलं."

"मंग आता दुसऱ्यांच्या हळदीला ही कोन लावंल?"

हरेश्वरनं कॅसेट उलटून पाहिली.

"रघुवीर तरी घेईल," तो म्हणाला.

रघुवीरनं कौतुकानं घेतली. त्याच्याकडं टेपरेकॉर्डर नव्हता.