कुठला खल्फान?

मी एक जुनी शाळेची बस आहे, मित्रांनो. ओमानमधल्या एका डोंगराळ गावात, खजुराच्या बागेमागे, चाके काढून मला उभे करून ठेवले आहे. आता माझ्यात बकऱ्यांचा चारा भरतात. बकऱ्या माझ्यावर खूश आहेत. मुलांनी खूश असावे की नाही, ते माझी हकिकत ऐकून तुम्हीच ठरवा.

माझे मालक हमूद हेच माझे चालक. मी नवीकोरी आले तेव्हा ते मला रोज पुसत. त्यांच्या बायकोने माझ्या खिडक्यांना जाड हिरवे पडदे शिवले. माझा गारवा तर गावभर गाजला होता. ‘हमूदकाकांच्या बसमध्ये डुलकी लागते,’ असे मुले कौतुकाने सांगत. मला त्याचा फार अभिमान वाटे.

रोज सकाळी शम्सा नावाची एक आई माझ्या दाराशी येई. तिचा सहा वर्षांचा मुलगा खल्फान माझ्यातून शाळेत जाई.

“हमूदभाऊ, सावकाश चालवा. वळणावर भोंगा वाजवा. त्याला दाराशी उभं राहू देऊ नका.”

“खल्फानच्या आई, तुम्हीच चालवा ना बस! मी तुमच्या घरी भाकऱ्या भाजतो.”

सगळी मुले खिदळत. शम्सा मात्र हसत नसे. मी वळणाआड जाईपर्यंत ती रस्त्यावर उभी राही.

एकदा हमूदकाका मुले चढताना मोठ्याने मोजू लागले. “एक, दोन, तीन...”

शम्सा धावतच आली. “लेकरं म्हणजे काय खजुराच्या टोपल्या आहेत मोजायला? नजर लागेल! नावं घ्या, नावं.”

आमच्या गावात लेकरांना मोजत नाहीत. हमूदकाका जीभ चावून मोजायचे थांबले आणि तेव्हापासून उतरताना नावे घेऊ लागले. पण गावात आजोबांचे नाव नातवाला ठेवतात. शम्साच्या जाऊबाईंचा, झुवैनाचा मुलगाही खल्फानच होता. दोघे चुलतभाऊ हात धरूनच उतरत, म्हणून हमूदकाका ‘खल्फान’ एकदाच म्हणत.

मे महिन्यातली ती सकाळ होती. आदल्या दिवशी घरात लग्न झाले होते, मुले उशिरा झोपली होती. शम्साचा खल्फान शेवटच्या सीटवर बसला. मी त्याला गारवा दिला, पडद्याने डोळ्यांवरचे ऊन अडवले आणि घाटात हलकेच डोलवले. तो झोपला आणि हळूहळू घसरत सीटखाली गेला.

शाळेत हमूदकाकांनी नावे घेतली. “खल्फान?”

“हो, काका!” म्हणत झुवैनाचा खल्फान उडी मारून पळाला.

दार बंद झाले. माझे यंत्र थांबले.

मित्रांनो, ज्या गारव्याचा मला अभिमान होता, तो पाच मिनिटांत नाहीसा झाला. माझे छत तव्यासारखे तापले. खल्फान जागा झाला. त्याने आईला हाक मारली, काचेवर मुठी मारल्या. माझ्या काचा जाड, पडदे त्याहून जाड. दहा पावलांवर झाडाखाली हमूदकाका इतर चालकांबरोबर कॉफी पीत हसत होते. माझ्याकडे भोंगा होता, पण कुणी दाबल्याशिवाय तो वाजत नाही, आणि तो दाबायचा हे खल्फानला कुणी शिकवले नव्हते. थोड्या वेळाने मुठींचा आवाज थांबला.

तेवढ्यात शाळेचा कारकून हातात फोन घेऊन आला. “हमूद, खल्फानची आई आहे. रोजचंच. पोचला का म्हणून विचारतेय.”

“पोचला, पोचला! त्यांना म्हणावं, पोरगा शाळेत गेला, आता तुम्हीपण जरा झोपा.”

कारकुनाने हसतच सांगितले, “खल्फान उतरला, ताई.”

फोनमधून आवाज आला, “कुठला खल्फान? झुवैनाचा की शम्साचा?”

परक्या पुरुषांसमोर आमच्या बायका आपले नाव उच्चारत नाहीत. शम्साने ते त्या दिवशी उच्चारले. हमूदकाकांचा पेला हातातून पडला.

त्यांनी दार उघडले आणि ते थेट मागे धावले. खल्फान सीटखाली घामाने भिजून निपचित पडला होता. त्याला सावलीत नेऊन त्यांनी त्याच्यावर गार पाणी ओतले. कितीतरी वेळाने त्याने डोळे किलकिले केले. दोन दिवस तो इस्पितळात होता. वाचला.

हमूदकाका इस्पितळातून आले ते माझ्या पायरीवर बसून राहिले. शम्सा आली तेव्हा उठायचेही त्यांना सुचले नाही.

“मला शिव्या द्या, खल्फानच्या आई. मी मागं जाऊन बघितलंच नाही.”

“काय शिव्या देऊ? मोजू नका म्हणून मीच ओरडले होते.”

दोघेही रडले. माझ्याकडे कुणी बोट दाखवले नाही. पण त्याला झोपवले कुणी? लपवले कुणी? त्याच्या मुठी बाहेर ऐकू जाऊ दिल्या नाहीत कुणी?

आठवड्याने खल्फान पुन्हा आला. तो पायरीवर थबकला. शम्सा त्याचा हात धरून स्वतः आत चढली. प्रत्येक डोक्यावर हात ठेवत ती मोठ्याने मोजू लागली. स्वतःच्या मुलापाशीही ती थांबली नाही.

“बावीस,” ती म्हणाली. “हमूदभाऊ, उतरताना बावीस झाले नाहीत, तर जागचे हलू नका.”

त्यानंतर माझ्यात बसणारे प्रत्येक मूल आधी भोंगा दाबायला शिकले, आणि प्रत्येक फेरीनंतर हमूदकाका शेवटच्या सीटपर्यंत जाऊन, गुडघे टेकून, खाली बघत राहिले.

मित्रांनो, तुम्हीही उतरताना शेजारच्याला हलवून उठवा. एकटे अडकलात तर लाजू नका, भोंगा दाबतच राहा. आणि मोठ्यांनो, गाडी बंद करण्याआधी मागेपर्यंत चालत जा. तुमची गाडी तुम्हाला हाक मारणार नाही. मलाही तेव्हा मारता आली नाही. मला फक्त एवढेच सांगायचे होते: अहो, आत कुणीतरी आहे.