बंद दारांचं तीर्थ

साखरखेर्ड्याबाहेरच्या नव्या बंदिस्त क्रीडा संकुलात पाऊस पडत होता. बाहेर डिसेंबरचं कोरडं ठणठणीत आभाळ, आणि आत तीन हजार माणसं माना वर करून, जिभा बाहेर काढून उभी. संकुल बहुउद्देशीय होतं. कबड्डीपासून गाण्याच्या मैफलीपर्यंत सगळं एकाच छताखाली व्हावं म्हणून बांधलेलं. आजवर तिथं लग्नं झाली, सभा झाल्या, बक्षीस समारंभ झाले. पाऊस तेवढा राहिला होता.

पाऊस पाडायला मेघदास महाराज आले होते. आदल्या वर्षी ते हातावर नारळ धरून बोअरची जागा दाखवत. बोअर कोरडे निघू लागले तसे ते जमिनीखालून आभाळात गेले.

“भक्तहो, दारं घट्ट लावा. जलदेवीला वारा सोसत नाही,” महाराज माईकवर सांगत. “पाप श्वासात साठतं. ते बाहेर सोडा. म्हणा, हाऽऽऽ.”

तीन हजार तोंडांतून हाऽऽऽ निघे. कोपऱ्यात महाप्रसादाच्या खिचडीच्या कढया रटरटत. अर्ध्या-पाऊण तासात छताच्या ऐन मधोमध थेंब धरे आणि महाराजांपुढच्या तांब्याच्या घागरीत टपकन पडे. मग धारच लागे. हे तीर्थ एकवीस दिवस घेतलं की साखर, बीपी, गुडघे आणि कोर्टाची तारीख, सगळ्यांतून सुटका होती.

संजीवनी त्याच संकुलात मुलींना कबड्डी शिकवायची. महिनाभर मैदान गेलं याचा तिला राग होताच, पण जीव खालीवर होत होता तो दुसऱ्याच कारणानं. तिच्या सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, साखरेची गोळी बंद केली होती. पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती.

“आई, गोळी काऊन नाही घेतली?”

“महाराजानं सांगतलं, तीर्थ अन् गोळी एका पोटात राह्यत नाहीत.”

“दवाखान्यात तरी चला. पाय पाहा तुमचा.”

“एकवीस दिवस होऊ दे वं. मंग धावतच जातो.”

संजीवनीनं त्यांना चुलीवरच्या वरणाचं झाकण उचलून दाखवलं. आतल्या बाजूनं पाणी ओघळत होतं. “हे पाहा, वाफ थंड झाकणाले लागली की पाणी होते. संकुलाचं छतही नुसता पत्रा आहे.”

सत्यभामाबाईंनी शांतपणे विचारलं, “मंग या झाकणाखाली कोनते महाराज बसले हायेत?”

संजीवनीनं झाकण परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं संकुलाचा चौकीदार पुंजाजी याला गाठलं आणि छताजवळच्या झडपा गुपचूप उघडायला लावल्या. आतली वाफ निघून गेली आणि थेंबही पडला नाही. पण महाराज काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. “कुणीतरी पाप पोटातच दाबून ठेवलंय,” ते म्हणाले. पाप आपलंच असणार, असं धरून सत्यभामाबाईंनी दुसऱ्या दिवसापासून दुप्पट तीर्थ घ्यायला सुरुवात केली. संजीवनीनं स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला.

सतराव्या दिवशी संकुलाबाहेरच्या मोकळ्या जागेत जनावरांचं प्रदर्शन होतं. सकाळी असा गारठा आणि धुकं, की दोनशे म्हशी दावणीला कुडकुडत होत्या. महाराज सुलतानपूरला एका भक्ताच्या घरी पाद्यपूजेला गेले होते. संजीवनी पुंजाजीकडे गेली.

“काका, जनावरं आत घ्या.”

“म्हशी? आत? बाई, हे इस्टेडियम हाय.”

“बाहेर बोर्डावर काय लिहिलं आहे?”

पुंजाजीनं बोर्डावरचं ‘बहुउद्देशीय’ वाचलं, डोकं खाजवलं आणि कुलूप काढलं. लाकडी फरशी मंजूर होऊनही आली नव्हती, त्यामुळे शेणाची चिंता नव्हती. म्हशी आत गेल्या. मागोमाग मालक गेले, आणि आपल्या चंद्री म्हशीचं दावं धरून लंगडत सत्यभामाबाई गेल्या. थंडी म्हणून झडपा आणि दारं लावून घेतली.

दोनशे म्हशी रवंथ करत उभ्या होत्या आणि नाकपुड्यांतून वाफा सोडत होत्या. ना मंत्र, ना माईक, ना हाऽऽऽ. तासाभरात महाराजांच्या रिकाम्या गादीपुढच्या घागरीत पहिला थेंब पडला. मग धार लागली, आणि ती रोजच्यापेक्षा जाड होती.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मग रामराव नावाचा गवळी टोपी काढून गादीशेजारीच उभ्या असलेल्या चंद्रीच्या पाया पडला. पाहता पाहता चंद्रीपुढे रांग लागली. कुणीतरी तिच्या शिंगाला हार घातला, तो तिनं खाऊन टाकला.

तेवढ्यात महाराज धापा टाकत आले. “पाहिलंत? गोमातेच्या रूपानं देवी...”

“म्हैस हाय, महाराज,” पुंजाजी म्हणाला.

संजीवनीनं चारी दारं आणि झडपा उघडल्या. वाफ बाहेर गेली, धार मंदावली, थांबली. महाराजांनी हात वर करून तीनदा जलदेवीला हाक मारली. वरून काही आलं नाही.

“छताला टांगलेल्या मोठ्या दिव्याच्या वजनानं मधला पत्रा खाली बसला आहे,” संजीवनीनं सगळ्यांना वर बोट करून दाखवलं. “आपल्या श्वासाची वाफ थंड पत्र्याले लागते, तिचं पाणी होते, अन् तिथं गोळा होऊन टपकते. माणसाच्या श्वासानं होते तसंच म्हशीच्या श्वासानंही होते. हे महाराजाले माहीत होतं, म्हणून गादी नेमकी तिथं.”

सत्यभामाबाई दावं सोडून पुढे आल्या. “म्हंजे इतके दिवस मी लोकाईच्या तोंडची वाफ पेली? अन् माही गोळी बंद केली तुमी?”

महाराज मागच्या मागे जीपकडे सरकले. त्यांची जीप निघाली तेव्हा लोक घागर घेऊन मागे धावले, पण तीर्थ प्यायला कुणी धावत नव्हतं.

संजीवनीनं सासूबाईंना त्याच पावली दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण दोन बोटं काढावी लागली. आता गावात कुठं चमत्काराची बातमी आली की सत्यभामाबाई काठी टेकत तिथं जातात आणि सगळ्यांदेखत विचारतात, “दारं काऊन लावली? उघडली तं काय होते?”

तुम्हीही विचारा. विचारल्यानं कुठला देव रागावत नाही, रागावतो तो गादीवरचा माणूस. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. म्हशींनी सतराव्या दिवशी जे सिद्ध केलं, ते पहिल्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर ती दोन बोटं आज जागेवर असती.