मोजणीपायी मोडलेलं मनगट

मी एक जुना दांडू आहे, बाभळीचा. मित्रांनो, धुण्याच्या साबणाने माझं अंग गुळगुळीत झालंय. राग मात्र तसूभर झिजलेला नाही.

पुनावळ्याच्या कोंडीरामने मला तासलं, तेव्हा पिंपरीत कारखाने नवे होते. गुरुवारी कारखान्यांना सुट्टी. गाववाले आणि चाळीतले कामगार मला घेऊन माळावर जमायचे. विटी लांब गेली की कोंडीराम मला खांद्यावर घेऊन नाचायचा.

अशात चाळीत बीडकडचा जयसिंग राहायला आला. कंपनीत लेथवर होता, अजून कायम व्हायचा होता. पहिल्याच खेळात त्याने टोला हाणला तो पार ओढ्यापर्यंत. मग मला जमिनीवर टाकत टाकत त्याने एक, दोन, तीन असं सरळ अंतर मोजलं.

"जिंकलो, राव."

आमच्या मावळात एक, दोन, तीनऐवजी मोजतात वकट, लेंड, मूंड, नाल, आर, डोळा, जकू. मोजणी ज्या नावावर संपेल, त्याच्या ठरलेल्या जागी, म्हणजे पायावर, मुठीवर नाहीतर डोळ्यावर, विटी ठेवून पुढचा टोला.

कोंडीराम म्हणाला, "कशाचा जिंकलास? डोळ्यावर संपली. ठिव इटी डोळ्यावर अन् मार."

"आमच्याकडं डोळे बघायला असतेत, भाऊ."

सगळे हसले. ते हसू कोंडीरामला झोंबलं.

"रडीचा डाव हाय तुझा. तुमच्यात असलंच चालतं व्हय?"

"हरलास की नवा नियम काढलास का?"

कोंडीरामने मला उगारलं.

मित्रांनो, मी विटीसाठी घडलो होतो. माझ्याखाली माणसाचं हाड मोडलं. लेथ चालवायचं उजवं मनगट ते, जुळलं तेही वाकडं. जयसिंगची कायम व्हायची आशा तिथेच संपली. कशापायी? दोघांनाही वाटायचं, आपल्या गावात मोजतात तसंच साऱ्या जगात मोजतात. एवढी मोठी माणसं, आणि अक्कल विटीएवढी.

कोंडीरामची आई सोजरबाई माळावर आली. तिने मला लेकाच्या हातातून हिसकावून घेतलं आणि त्याच्यावरच ओरडली.

"'पाव्हण्या, तुमच्याकडं कसं मोजत्यात?' एवढं आधी इचारलं असतंस तर जीभ झडली असती का रं तुझी?"

तेव्हापासून मी धुणं बडवतो.

पोरांनो, खेळ मांडण्याआधी समोरच्याला त्याच्या गावची रीत विचारा. विचारायची लाज वाटली, तर गुरुवारी ओढ्यावर या. कोंडीराम जयसिंगचे सदरे धूत असतो आणि सोजरबाई समोर बसून असते. जयसिंगला ते धुता येत नाहीत. पिळायला दोन हात लागतात.